माहिती फुटली, तेवढे कळवायचे राहिले

प्रति,
बँका, एटीएम चालवणाऱ्या कंपन्या, प्रयोगशाळा आणि 'आपली सुरक्षितता हीच आमची प्राथमिकता' असे छापणारे समस्त मान्यवर यांस,



अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील खातेदार आपले ऋणी आहेत. त्यांची झोप मोडू नये म्हणून आपण केवढी काळजी घेता!

२०१६ चेच पाहा. एटीएम चालवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत मे ते जुलैदरम्यान घातक सॉफ्टवेअर शिरले. बातमी फुटली ऑक्टोबरात, तेव्हा देशभरातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली होती. कंपनीची जाहीर कबुली यायला २०१७ चा फेब्रुवारी उजाडला. बँकांची पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयच्या हिशेबाने १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून १ कोटी ३० लाख रुपये गेले. ३२ लाखांत ६४१ म्हणजे किरकोळच. त्या ६४१ जणांना मात्र हे सांगायला जाऊ नये.

२०१६ च्याच डिसेंबरात मुंबईतल्या एका प्रयोगशाळेचे ४३ हजारांवर तपासणी अहवाल इंटरनेटवर उघडे सापडले. त्यांत एचआयव्हीचेही होते. पासवर्ड नव्हताच, त्यामुळे चोराला कष्ट पडले नसते.

खातेदाराने मात्र चोख राहायचे. पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर आडवी सही करायची, तीही वीस वर्षांपूर्वीच्या सहीसारखी. शेवटचा फराटा जरा वेगळा वळला की फॉर्म परत. त्या झेरॉक्सचे पुढे काय होते, हे विचारणे असभ्यपणाचे.

कायदाही आता आपल्या दिमतीला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे. तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून छदाम नाही. उलट त्याची तक्रार खोटी किंवा फुटकळ ठरली तर १० हजारांपर्यंत दंड त्यालाच. बाधितांना कळवण्याचे बंधनही या कायद्यात आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना आणखी १८ महिन्यांची सवड मिळाली. घाई कुणाला आहे?

तरी एक विनंती. पुढच्या वेळी काय फुटले आणि आता काय करायचे, एवढे त्याच दिवशी, मराठीत, एका एसएमएसने कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले होते की त्रयस्थाच्या घुसखोरीत ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली तर नुकसान त्याच्या माथी येणार नाही. ते दिवस मोजायचे अनधिकृत व्यवहाराबाबतचा बँकेचा संदेश पोचल्यापासून.

आपले विश्वासू,
उपनगरातले खातेदार