खरेदी असावी तर अशी

अमेरिकी नौदलाला तत्पर खरेदीबद्दल कुणाचा सत्कार करायचा असेल, तर आमची शिफारस 'यूएसएस मँचेस्टर' या युद्धनौकेवरच्या चीफ हुद्द्याच्या मंडळींसाठी आहे. 2023 साली पश्चिम पॅसिफिकच्या मोहिमेवर निघताना त्यांनी उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकची तबकडी आणली, वरच्या डेकवर गुपचूप ठोकली आणि वर्गणी काढून बिल भरलं. ना निविदा, ना तीन कोटेशनं, ना फायलीवर 'चर्चा करावी' असा शेरा. वाय-फायचं नाव ठेवलं 'स्टिंकी', म्हणजे घाण वासाचा. निदान नावात तरी लपवाछपवी नव्हती!

पुढे कुजबुज सुरू झाली. कप्तानाच्या सूचनापेटीत कुणी या वाय-फायबद्दल चिठ्ठी टाकली, ती चीफांच्या प्रमुख बाईंनी परस्पर काढून घेतली. मग नेटवर्कला वायरलेस प्रिंटरसारखं नाव दिलं. तसा प्रिंटर नौकेवर एकही नव्हता, पण कागदोपत्री आहे म्हटल्यावर आहेच, हे सरकारी नोकरीत कुणाला शिकवावं लागत नाही.

असल्या तबकडीवरून शत्रूला नौकेचा ठावठिकाणा लागू शकतो, हा आक्षेप मात्र रास्त. सुरक्षेत ढिलाई नको. म्हणूनच पेंटागॉन रीतसर मार्गाने जातं. खासगी उपग्रहांची क्षमता बरीच वर्षं ते वर्षावर्षाच्या भाडेकरारावर घेत आलं. गरज दरवर्षीची, पण धावपळ दरवर्षी नवी. भाडंही अर्थात चढंच. 2012 साली आफ्रिकेतल्या तुकड्यांसाठी अशाच एका उपग्रहाची क्षमता सुमारे 1 कोटी डॉलरला वर्षभर भाड्याने घेतली. उपग्रहाचं नाव ॲपस्टार-7, आणि मालक कंपनीत मोठा वाटा चीनच्या सरकारी कंपनीचा. संसदेच्या उपसमितीपुढे अधिकाऱ्याने सांगितलं, तिथे हवी ती क्षमता दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. संदेश सांकेतिक होते, त्यामुळे काळजी नको, असाही दिलासा मिळाला. शेजाऱ्याच्या फोनवरून शेजाऱ्याचीच चुगली करावी, पण हळू आवाजात, असा हा हिशेब.

असो. तर मँचेस्टरवर 2023च्या ऑगस्टमध्ये एक मुलकी कर्मचारी आला. नौदलाने मंजूर केलेल्या स्टारशील्डची तबकडी बसवायची होती. कंपनी स्टारलिंकचीच, फक्त फायलीतून आलेली. काम करताना त्याला दिसलं, की डेकवर एक तबकडी आधीच आहे. प्रमुख बाईंना कोर्ट मार्शलने एक पायरी खाली उतरवलं. खरेदी खात्यात बदली करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.