रांगण्याचे गुण

अमेरिकेत लढाऊ विमानाचा वैमानिक हवाई दल सोडून प्रवासी विमान कंपनीकडे अर्ज करतो, तेव्हा शौर्यपदकाची चौकशी मागाहून होते. आधी विचारतात, तास किती? समजा तो म्हणाला, बाराशे. मग विचारतात, उड्डाणं किती? हजार. झालं तर मग! कंपनी दर उड्डाणामागे 0.3 तास, म्हणजे अठरा मिनिटं, पदरची घालते आणि बाराशेचे पंधराशे करून देते. एखादी कंपनी 0.2 वर भागवते, एखादी दमडीही देत नाही. जुनं सोनं मोडायला नेलं की सोनार घट धरतो. इथे वाढ मिळते, म्हणून तक्रार कोण करणार?

पण ही अठरा मिनिटं कसली, ते बघा. अमेरिकेच्या नागरी नियमात विमान उड्डाणासाठी स्वतःच्या जोरावर जागचं हललं की घड्याळ सुरू होतं आणि उतरून थांबलं की बंद. लष्करी नोंद साधारणपणे धावपट्टीवरच्या दौडीपासून धरतात. त्याआधी विमान टॅक्सीवेवरून रांगत आलं, धावपट्टीच्या तोंडाशी शस्त्रांच्या सुरक्षा-पिना काढून घेण्यासाठी थांबलं, हा वेळ लष्कराच्या लेखी उड्डाणात मोडत नाही. प्रवासी कंपनीच्या लेखी मोडतो. म्हणजे बहाद्दराच्या खात्यात कंपनीने जी भर घातली ती निव्वळ जमिनीवर रांगल्याची. वर आभाळात सव्वा तास तो उलटासुलटा होत होता, शरीरावर सात-आठ पट वजन झेलत होता, त्याचा सव्वा तास तो सव्वा तासच. काळोख्या रात्री हलत्या जहाजावर विमान उतरवणाऱ्या नौदलवाल्याला त्या उतरण्याचं वेगळं काही मिळत नाही. रांगण्याला मात्र गुण आहेत.

आपल्याकडेही नागरी तास चाक हललं की सुरू होतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. संध्याकाळच्या गर्दीत दहाव्या नंबरवर उभ्या असलेल्या विमानात प्रवासी घड्याळाकडे बघून चरफडत असतात, आणि पुढे बसलेल्या तरुण सहवैमानिकाची तासांची वही त्याच वेळी बाळसं धरत असते. बारामती-गोंदियाकडे शिकणाऱ्या पोरांना पहिल्या दोनशे तासांसाठी आईबापांचं शेत-घर गहाण पडलेलं दिसतं, तेव्हा या फुकटच्या मिनिटांची खरी किंमत कळते.

तासांना असा भाव आला की पेनालाही येतो. वैमानिकांच्या गप्पांत ‘पी-51’चे तास हा जुना विनोद आहे. पी-51 हे दुसऱ्या महायुद्धातलं नावाजलेलं लढाऊ विमान, आणि पार्कर 51 हे पेन. काहींचे तास पहिल्यातले असतात, काहींचे दुसऱ्यातले.

आता या तासाला देवत्व आलं कसं, तेही सांगतो. 12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान एका घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जण गेले. विमान वेग गमावतंय अशी सूचना मिळाल्यावर कॅप्टनने नेमकं उलटं केलं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. मृतांचे नातेवाईक वॉशिंग्टनला धडकले, 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून अडीचशे तासांवर मिळणाऱ्या सहवैमानिकाच्या खुर्चीला पंधराशे तास लागू लागले. गंमत म्हणजे, बफेलोच्या त्या विमानातल्या दोघांचेही तास पंधराशेच्या वरच होते. नियम तेव्हा असता तरी दोघंही त्याच खुर्च्यांत बसले असते.

बफेलोच्या अपघाताच्या महिनाभर आधी, 15 जानेवारीला, न्यूयॉर्कच्या हडसन नदीत एअरबस उतरवून कॅप्टन सलनबर्गर यांनी 155 जणांना वाचवलं. गडी एकेकाळचा एफ-4 फँटमचा वैमानिक. ती एअरबस हवेत होती जेमतेम पाच मिनिटं. लॉगबुकाच्या दशांशात ती 0.1 भरतात.

पंधराशेच्या नियमालाही सवलती आहेत. लष्करी वैमानिकाला 750 पुरतात. म्हणजे सरकारच्या मते लष्कराचा एक तास नागरी दोन तासांच्या तोडीचा, आणि कंपनीच्या मते दर उड्डाणामागे फार तर अठरा मिनिटांची भर. विमानविद्येची चार वर्षांची पदवी असेल तर 1000 चालतात. वर्गातल्या बाकालाही पाचशे तासांचा मान आहे म्हणायचा.

मालवाहू विमानवाल्यांना या 0.3 चं विशेष कौतुक नाही. सी-17 घेऊन दहा तासांच्या फेऱ्या मारणाऱ्याला अठरा मिनिटांनी काय होणार? त्याची कटकट निराळी. लांबच्या फेरीत जादा वैमानिक मागे बंकवर घोरत असतो आणि लष्कर तो वेळ ‘इतर’ म्हणून टिपून ठेवतं. कंपनीच्या अर्जाला हे ‘इतर’ नको असतं. हेलिकॉप्टरवाल्यांचं आणखी अवघड. ब्लॅक हॉक घेऊन गोळीबारात उतरलेल्या माणसालाही पंखांच्या विमानाचे तास नव्याने जमवावे लागतात. मध्यंतरी वैमानिकांचा तुटवडा पडला तेव्हा काही छोट्या कंपन्यांनी त्यासाठी पदरचे पैसेही मोजले. गरज पडली की गणित मऊ होतं.

पण माझा आवडता प्रकार एफ-15 आणि एफ-18 वाल्यांचा. या विमानांची दोन्ही इंजिनं शेजारीशेजारी, मधोमध. एक बंद पडलं तरी विमान फारसं एका बाजूला ओढलं जात नाही. म्हणून नागरी परवान्यावर शेरा मारतात, की याची बहुइंजिन पात्रता मधोमध जोर असलेल्या विमानांपुरतीच. तो पुसायचा तर पंखांवर दोन इंजिनं असलेलं एखादं छोटं पिस्टनचं विमान घ्यायचं आणि एक इंजिन बंद करून सरळ उडवून दाखवायचं. शिकवायला असतो पंचविशीतला पोरगा, जो स्वतः पंधराशे भरण्यासाठीच शिकवतोय. आवाजापेक्षा वेगाने उडालेला माणूस त्याला तासाप्रमाणे फी देतो, आणि तो अदबीने सांगतो, सर, उजवा पाय जरा जोरात दाबा. उतरल्यावर दोघंही आपापल्या वह्या काढतात आणि तोच एक तास दोन ठिकाणी लिहितात. फी मात्र एकालाच पडते.