सेटिंगवाले काका

बदलापूर गावात पूर्वी कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळायचं. आता आमच्या इमारतीत कुणाच्या घरी काय अडकलंय ते आवाजावरून कळतं. "हॅलो... हॅलो... माझा आवाज येतोय का?" असं तिसऱ्या मजल्यावरून ऐकू आलं, की पाच मिनिटांत जिन्यात सपाता वाजतात. सेटिंगवाले काका निघाले.

हे नाव पोरांनी ठेवलेलं. 'सेटिंग' या शब्दाला आपल्याकडे एक वेगळाच वास आहे, पण काकांची सेटिंग कुठल्याही कचेरीत चालत नाही, ती फक्त राऊटरमध्ये चालते. असा एक गृहस्थ हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतो. पूर्वी हाच गच्चीवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून बायको ओरडायची, "आलं... गेलं... आता नुसत्या मुंग्या!" अँटेना गेली, मुंग्या गेल्या, गृहस्थ उरला.

काकांनी फोर्टातल्या एका कचेरीत बत्तीस वर्षं काढली, म्हणजे बत्तीस वर्षं लोकलमध्येही काढली. त्यामुळे त्यांचं सगळं नेटवर्कशास्त्र मध्य रेल्वेवर चालतं. क्यूओएस म्हणजे काय, असं मी एकदा चुकून विचारलं. "क्वालिटी ऑफ सर्व्हिस," काका म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "हे बघ, याने रुंदी वाढत नाही. रुंदी वाढवायची तर तिसरी-चौथी लाइन टाकायला लागते. ही नुसती डब्यांची वाटणी. बायकांचा डबा, फर्स्ट क्लास, मालडबा. गर्दी तेवढीच, पण मासळीची पाटी फर्स्ट क्लासात शिरत नाही. आता मीटिंगमधला आवाज. त्याला जागा लागते एवढीशी, पण लागते ती वेळेवर. तो पासवाला. आणि तुझा पिक्चर डाउनलोड होतो तो मालडब्यातला. दहा मिनिटं उशिरा पोचला तर बिघडलं कुठे?"

सकाळच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासात कोण कोण उभं असतं, हे मी बोलून दाखवलं. "म्हणून तर टीसीवर सोडायचं नाही," काका म्हणाले, "राऊटर लाच खात नाही."

डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सहा बिटांची एक चिठ्ठी असते, तिच्यात ० ते ६३ पैकी एक आकडा येतो, आणि बोलण्याच्या पाकिटाला ४६ द्यायचा असा संकेत आहे. हा ४६ काका कुलदैवताचं नाव घ्यावं तसा घेतात. मात्र पाकीट एकदा घराबाहेर पडलं, की ती चिठ्ठी पुढे बहुतेक कुणी वाचत नाही. लग्नपत्रिकेवरच्या 'कृपया आहेर आणू नये'सारखी तिची गत. हे काकांना माहीत आहे, पण ते त्यांना आवडत नाही.

काकांकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे मोजमाप. प्लॅन शंभरचा असला तरी ते शंभरावर विश्वास ठेवत नाहीत. आठवडाभर रोज रात्री नऊ वाजता स्पीड टेस्ट करतात आणि दुधाच्या खाड्यांशेजारी कॅलेंडरवर आकडा लिहितात. त्यातला सर्वांत वाईट आकडा धरून त्याच्याही पंधरा टक्के खाली राऊटरची मर्यादा बांधतात. मोजलेल्या पैशांतलं आपणच कमी करून घ्यायचं? मला हा वेडेपणा वाटला होता. "मे महिन्यात टँकर येतो ना," काका म्हणाले, "हंड्यांची रांग नाक्यावर लागली तर तिथला दादा ठरवणार कुणाला आधी. तीच रांग आपल्या अंगणात लागली, तर मी ठरवणार. रांग आपल्या राऊटरात लागायला हवी, म्हणून नळ थोडा बारीक करायचा." आणि हे बरोबर आहे. वर जाणाऱ्या डेटावर तर राऊटरचा पुरता ताबा चालतो. खाली येणाऱ्याची रांग मुळात केबलवाल्याच्या टोकाला लागते, तिथे काकांचा निम्माच अंमल. उरलेला अंमल ते केबलवाल्याला फोन करून गाजवतात.

त्या केबलवाल्याची वायर आमच्याकडे जांभळीवरून येते. दरवर्षी मे अखेरीस जांभळं उतरवायला माणूस वर चढतो आणि अख्ख्या इमारतीचं प्राधान्य एका झटक्यात समान होतं.

एकदा मात्र काका स्वतःच घसरले. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा व्हिडिओ कॉलवर कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. मुलगा न्यू जर्सीला. काका आदल्या संध्याकाळी मुद्दाम जाऊन राऊटर लावून आले. त्या राऊटरचा रकाना किलोबिटचा होता. ८५००० लिहायचे तिथे काकांनी ८५ लिहिले. १९९५ साली विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट आणलं, त्या डायल-अपच्या जमान्यात घर परत गेलं. मुलगा पोह्याचा चमचा तोंडाशी नेता नेता थिजला. मुलीच्या आजीने दोन मिनिटं त्याला नीट निरखलं आणि निकाल दिला, "मुलगा शांत आहे हो."

पुढे तीन शून्यं वाढवल्यावर कळलं, की तो अजिबात शांत नाही. स्थळ मोडलं. मुलीचे वडील अजून काकांना पेढे देऊन जातात.

गावाच्या नावाबद्दलही काकांची एक उपपत्ती आहे. इथे पूर्वी घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं जुने लोक सांगतात. "म्हणजे आलेला घोडा उतरवायचा, ताजा द्यायचा, पुढच्या वाटेला लावायचा," काका म्हणतात, "अरे, हे गाव मूळचंच राऊटर आहे." हे ते उल्हास नदीच्या पुलावर फिरायला गेल्यावर सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याला पळता येत नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो तर चिरंजीव कुरकुरत होते. घरूनच काम करतात, आणि रोज रात्री साडेआठची मीटिंग अडकते. "बाबा, मला पहिला नंबर दिलाय ना नक्की?" काकांनी शांतपणे मोबाइलवर राऊटरची यादी उघडून दाखवली. सर्वांत वर, सर्वोच्च प्राधान्य: 'मुख्य कार्यालय'. चिरंजीवांचं समाधान झालं, ते आत गेले.

मी यादी खालपर्यंत पाहिली. चिरंजीवांचा लॅपटॉप चौथा होता. काकांचा स्वतःचा फोन शेवटचा, फ्रिजच्याही खाली. फ्रिजलाही हल्ली इंटरनेट लागतं. मग हे मुख्य कार्यालय कुठलं? बाहेरच्या खोलीतून टीव्हीवरच्या मालिकेचं शीर्षकगीत आलं, न अडखळता, स्वच्छ. समोर काकू भाजी निवडत बसल्या होत्या.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "त्याची मीटिंग अडकली तर मॅनेजर ओरडतो," ते हळूच म्हणाले, "मॅनेजर पुण्यात असतो."