उतारा शून्य टक्के

श्रीपूरच्या माणसाला फसवणं सोपं नाही. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली की काट्यानं त्याच्या बापजाद्यांची इस्टेट लाटली असावी अशा नजरेनं तो आकड्याकडे बघतो. जमलं तर बाहेरच्या काट्यावर आधी वजन करून घेतो, पावती खिशात ठेवतो. उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयनं लागणीची तारीख चुकवली तर शेतकी ऑफिसात जाऊन टेबल आपटतो. एफआरपीचा किमान दर, उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा, तोडणी-वाहतुकीची कपात, सगळं तोंडपाठ. असा हा चिकित्सक गृहस्थ रात्री जेवून बाजेवर टेकतो, मोबाईल उघडतो आणि ‘समलैंगिकता हा परदेशातून आलेला रोग असून आपल्याकडं असलं काही नव्हतंच’ हा मजकूर न तोलता जेवढे ग्रुप आहेत तेवढ्यांवर सोडून देतो. खाली ‘नासा’चं नाव असलं की पावतीचीही गरज उरत नाही.

आमच्या ग्रुपचं नाव सांगत नाही. त्यात गाव आहे, अभिमान आहे आणि तिरंगा आहे, एवढं पुरे. सकाळी विठ्ठलाचा फोटो आणि त्याखाली ‘जय हरी’ची रांग. दुपारी तोडीच्या टोळ्या आल्या नाहीत म्हणून बोंब, मधेच कुणाची तरी गाभण म्हैस विकणे आहे. धर्मरक्षणाची पाळी रात्रीची. 6 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीनं होणारे समलिंगी संबंध 377 कलमातून वगळले, तेव्हा ग्रुपनं न्यायाधीशांना कलियुगाचे हस्तक ठरवलं. 17 ऑक्टोबर 2023ला त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं, तेव्हा तिथं एकदम रामशास्त्री प्रभुणे बसलेले दिसू लागले. निकाल दोन्ही वेळा कुणी वाचला नव्हता. दुसऱ्या निकालातही या माणसांशी भेदभाव होता कामा नये असं म्हटलंय, आणि 377 हे कलम मुळात इंग्रजांनी 1860च्या दंडसंहितेत घातलं होतं. म्हणजे परदेशातून नक्की काय आलं, हा प्रश्न विचारता आला असता. पण रात्री साडेदहाला असले प्रश्न विचारणाऱ्याला ग्रुपवर ‘फार शहाणा’ म्हणतात.

वादाचा क्रमही ठरलेला. पहिला मेसेज संस्कृतीचा. दुसरा ‘सहमत’. तिसरा पुण्याला हिंजवडीत नोकरीला असलेल्या गावच्या पोराचा, आणि त्याची सुरुवातच ‘तुमच्यासारख्या अडाणी लोकांमुळे’ अशी. हे पोरगं बोलतं ते बरंचसं खरं असतं, पण बोलायची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्याला आपण चुकत होतो तेच बरं होतं असं वाटावं. समलिंगी माणसांचा कैवार घ्यायला निघालेला हा गडी दोन ओळींत चुलत्याची वारी, आजीची एकादशी आणि अख्ख्या गावाचं शिक्षण काढून मोकळा होतो. मग चुलता पेटतो. पाचव्या मेसेजला शेजारच्या धर्माचे लोक येतात, त्यांचा इथं काही संबंध नसतानाही. सातव्याला कुणी तरी त्यांना पाकिस्तानचं तिकीट काढून देतो. दहाव्याच्या आसपास उघड होतं की हे दोघं ज्यावरून भांडतायत तो विषय समलैंगिकतेचा नाही आणि धर्माचाही नाही. तो बांधाचा आहे. 2011 साली चार फूट बांध कोरला होता, तो वाद अजून मिटलेला नाही.

अशा वेळी शांतता समिती अवतरते. समिती म्हणजे हात जोडलेल्या इमोजी. ‘दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा’ असं ती सांगते. एका बाजूनं शिवी दिलेली असते आणि दुसऱ्या बाजूनं ती खाल्लेली असते, तरी संयम दोघांनीही बाळगायचा. ॲडमिनला फक्त एकच काळजी असायची, आपल्यावर केस तर होणार नाही ना. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 साली सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल कुणाला केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. एवढा एक निकाल मात्र ॲडमिननं सबंध वाचला.

आता गंमत बघा. हे सगळं चालतं ते माळशिरस तालुक्यात. याच तालुक्यात वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. तिथं दर्शनाला जाताना अर्धं कोण आणि अर्धं कोण, याचा दाखला कुणी मागत नाही. वेळापुरात ज्ञानोबांची पालखी येते तेव्हा मानाचं भारूड होतं. भारुडात मिशीवाला बाप्या लुगडं नेसून नाचतो आणि बाया डोळ्यांत पाणी येईतो हसतात. पलीकडं पंढरपुरात कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुषाला सगळा महाराष्ट्र आई म्हणतो. आणि याच तालुक्यातल्या तरंगफळ गावानं ऑक्टोबर 2017 मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट मतदानानं सरपंचपदी बसवलं. गाव त्यांना माउली म्हणतं. तिथल्या मतदारांनी कुठली कार्यशाळा केली नव्हती, ‘सहिष्णुता सप्ताह’ पाळला नव्हता. माणूस ओळखीचा होता, कामाचा वाटला, मत दिलं.

(तृतीयपंथी असणं वेगळं आणि समलिंगी असणं वेगळं, हे मला ठाऊक आहे. ग्रुपला नाही. ग्रुप दोघांनाही एकाच पोत्यात भरून पोत्यावर ‘कलियुग’ असा शिक्का मारतो.)

पण तालुक्याची पाठ थोपटण्याआधी थांबावं. जोगत्या दारात आला की परडीत पीठ पडतं, वर दहाची नोट जाते, नव्या नवरीला त्याच्या पाया पडायला लावतात. तो देवाचा माणूस. देवाच्या माणसाला सगळी सूट आहे, फक्त तो आपल्या घरातला नसावा. सरपंच चालतो, शेजारच्या गावचा असेल तर अधिकच चालतो. आपला पुतण्या तिशी ओलांडून लग्नाचं नाव काढत नाही, तेव्हा मात्र त्याचा बायोडेटा फिरू लागतो आणि त्यात ‘निर्व्यसनी’ हा शब्द ठळक केलेला असतो.

वाद घालायची आपल्याला सवय नाही, असंही कुणी म्हणू नये. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघं एकमेकांच्या देवांची, रूढींची यथेच्छ टर उडवतात. आज त्यातली चार कडवी निनावी टाकली तर रात्रीत पोलीस ठाण्यात दोन अर्ज जातील, आणि अर्जदार दोन्ही धर्मांचे असतील. शेवटी ते दोघं गळ्यात गळे घालतात, पण तिथवर वाचायला मेसेज पूर्ण उघडावा लागतो. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झडले. दुसऱ्याचा धर्म खोटा ठरवायचा हाच विषय, म्हणजे भावना दुखावण्याचा जाहीर कार्यक्रमच. त्यातल्या जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानं पुढं त्या वादांचं पुस्तक छापलं. प्रतिपक्षाचं म्हणणं छापायचं तर आधी ते ऐकावं लागतं. ही अट आज फार जाचक वाटेल.

आणि लैंगिकतेबद्दल म्हणाल, तर र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक आपल्या शंका विचारत आणि कर्वे न लाजता, न चिडवता उत्तरं देत. समलिंगी संबंधांबद्दलही देत. त्या उत्तरांवरून 1934 साली अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. दंडाचं सोडा, नव्वद वर्षांपूर्वी कुणा वाचकाला जे पोस्टानं विचारायचा धीर झाला, ते आज खिशात जगाची लायब्ररी घेऊन फिरणाऱ्या पोराला आपल्या गावच्या ग्रुपवर विचारता येत नाही.

इथं जरा विनोद बाजूला ठेवतो. 2 जून 2014ला पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणाला जमावानं मारून टाकलं. तो आयटीत नोकरी करत होता, नमाज पढून परत येत होता. फेसबुकवरच्या ज्या मजकुरावरून शहर पेटलं होतं, त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी दिसली, तेवढं पुरलं. जानेवारी 2023 मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. ‘अहो, मोबाईलवरचं काय मनावर घेता’ असं जे म्हणतात, त्यांनी सोलापुरात जाऊन त्या घरी हे वाक्य म्हणून बघावं.

सगळे मेसेज मारेकरी नसतात, कबूल. बहुतेक नुसतेच वाचले जातात. पण वाचणाऱ्यांत कोण कोण असतं? ग्रुपवर एक पोरगं असतंच, जे कधी काही लिहीत नाही. वाढदिवसाला अंगठासुद्धा देत नाही. मामा, काका, शाळेतले सर, दूध डेअरीवाले, सगळे ‘असल्यांना भर चौकात फोडलं पाहिजे’ याखाली टाळ्या वाजवताना ते बघतं. दोन निळ्या खुणा उमटतात. दुसऱ्या दिवशी तोच मामा त्याला बोर्डिंगला सोडायला स्टँडवर येतो, एसटीत जागा धरून देतो, हातात पाचशेची नोट कोंबतो आणि म्हणतो, काही लागलं तर सांग रे.

म्हणून मी ग्रुपवर एक नियम सुचवला. बंदी कशावरच नको. धर्म, जात, कोण कुणाबरोबर राहतं, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या. फक्त टाकण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून दाखवायचं. आषाढात तुकोबांची पालखी माळीनगरचं उभं रिंगण आटोपून श्रीपूर कारखान्यावरून बोरगावला जाते. रस्त्याच्या कडेला चहावाटपाचा मंडप असतोच, माइक माझ्याकडून. दिंड्या थांबतील, तुळस डोक्यावर घेतलेल्या म्हाताऱ्या असतील, कारखान्याचे कामगार असतील, आपापली पोरं असतील. आपला मेसेज आपल्या तोंडानं, नाव-गाव सांगून वाचायचा. शुभारंभाचा मान ग्रुपवर सर्वांत तळमळीनं संस्कृती जपणाऱ्या निवृत्त चिटबॉय काकांना द्यावा, असंही लिहिलं.

ग्रुप बराच वेळ गप्प होता. हात जोडलेली एक इमोजी आली आणि लगेच पुसलीही गेली. मग काकांचा व्हॉइस मेसेज आला. आवाज शिवारभर जाईल असा खणखणीत. म्हणाले, ‘कल्पना चांगली आहे, पण यंदा दुसऱ्या कुणाला तरी बघा. माझा घसा बसलाय.’