जोडाक्षर

‘तुम्ही दोघं अजून भेटला नाहीत?’

जन्माचा पुणेकर असूनही दगडूशेठला कधी गेलो नाही असं कुणी सांगितलं, तर ऐकणाऱ्याचा जो सूर लागेल, तो हा सूर. आमच्या को-वर्किंगच्या जागेत हे वाक्य दिवसातून दहा-पंधरा वेळा ऐकू येतं. कितीही घाईत असलो तरी थांबावं लागतं, कारण तोवर आपला दंड धरलेला असतो. धरणाऱ्यांचं खरं नाव रिसेप्शनच्या यादीत आहे. मी मनातल्या मनात त्यांना जोडाक्षर म्हणतो.

जागा कोथरूडला, वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. खाली मिठाईचं दुकान, वर आम्ही. ‘हॉट डेस्क’ घेतलं तर मिळेल त्या खुर्चीत बसायचं. ‘डेडिकेटेड सीट’ घेतली तर खुर्ची आपली आणि ड्रॉवरला किल्ली. मीटिंग रूम महिन्याला चार तास फुकट, पाचव्या तासापासून मीटर पडतो. फोन बूथ नावाचं एक कपाट आहे. त्यात उभं राहून क्लायंटला ‘टीमशी बोलून सांगतो’ म्हणायचं. टीम म्हणजे आपणच.

जोडाक्षरांची सीट चौदा नंबरची. वय पंचावन्नच्या आसपास, अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक सहा इंची स्टीलची पट्टी. मुलं त्यांना काका म्हणतात. पण सीटवर ते क्वचितच असतात. ते असतात पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हपाशी. डबा गरम व्हायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलंय. त्यांच्या स्वतःच्या डब्यात रोज दहीभात असतो, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने गेले.

ओळख करून देताना ते प्रत्येकाला दोन इयत्ता वर चढवतात. मी भाषांतरं करतो. ‘हे मराठी लोकलायझेशनमधलं मोठं नाव,’ असं त्यांनी एका स्टार्टअपवाल्या मुलीला सांगितलं, तेव्हा मोठं नाव एका मिक्सरच्या माहितीपत्रकात ‘झाकण नीट बसवल्याशिवाय बटण दाबू नये’ या वाक्यापाशी दोन तास अडकलेलं होतं. तिने मात्र आदराने कार्ड मागितलं. कार्ड नव्हतं. दुसऱ्या दिवशी जोडाक्षरांनी छापखानावाल्याशी ओळख करून दिली.

सगळ्याच जोड्या जमतात असं नाही. सेंद्रिय गूळ विकणाऱ्या एका बाईंची गाठ त्यांनी मधुमेहाचं अ‍ॅप करणाऱ्या मुलाशी घालून दिली. ‘दोघांचं गिऱ्हाईक एकच’ हा त्यांचा युक्तिवाद. मुलगा प्रामाणिक. त्याने गुळाचं नाव ‘टाळा’च्या यादीत सगळ्यात वर घातलं. बाई अजून त्याच्याकडे पाठ करून बसतात.

एकदा तर त्यांनी मला माझ्याच मावसभावाशी भेटवलं. हिंजवडीची नोकरी सोडून त्याला तीन महिने झाले होते आणि घरी पत्ता नव्हता. कंपनीने कार्ड काढून घेतलेलं, पण पट्टा राहिला होता. तो गळ्यात अडकवून पठ्ठ्या रोज सकाळी ‘ऑफिसला’ निघायचा.

‘तुम्ही दोघं अजून भेटला नाहीत?’

‘भेटलोय,’ मी म्हणालो. ‘ह्याच्या मुंजीत.’

मावशीला काही सांगायचं नाही असं ठरलं आणि त्याच्या अ‍ॅपचं मराठीचं काम मला मिळालं. याला कुणी लाच म्हणेल. इथे कोलॅबोरेशन म्हणतात.

ही को-वर्किंगची कल्पना ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरची. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याने आठवड्याला दोन दिवस जागा घेतली, टेबलं मांडली, आणि पहिला महिना तिकडे कुणी फिरकलंच नाही. जोडाक्षरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘नुसती टेबलं मांडून काय होतंय? मायक्रोवेव्ह होता का?’

पुणेकर या नात्याने, हे कमिशन खात असतील असा संशय मी घेऊन पाहिला. एक दमडी नाही. उलट चहा त्यांचाच. जोडाक्षरात पहिलं अक्षर अर्धं होतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यांनीच जोडून दिलेल्या एका कामाच्या बिलात मला त्याचं प्रात्यक्षिक मिळालं. अर्धे पैसे आले, तेही दहा टक्के टीडीएस कापून. उरलेले ‘पुढच्या महिन्यात’, म्हणजे कधीच नाही. जोडाक्षरांना हे कळलं तेव्हा त्यांनी जमवलेलं लग्न मोडावं असा त्यांचा चेहरा पडला. मग स्वतः शेजारी बसून त्यांनी माझं उद्यम रजिस्ट्रेशन करून घेतलं. २००६ चा कायदा आहे: लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर वर चक्रवाढ व्याज. ‘मागचं गेलं ते गेलं,’ म्हणाले, ‘पुढचं तरी पूर्ण घ्या.’

नोकरीची खबर जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्यांकडून जास्त येते, असं मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली लिहून ठेवलंय. आपल्याला जेवढं ठाऊक, तेवढंच आपल्या जिवलगांना ठाऊक असतं. जोडाक्षरांनी तो निबंध वाचलेला नाही. त्यांना जिवलग कोण, हेही आमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही.

ते स्वतः काय काम करतात, हे दीड वर्षात मी त्यांना विचारलं नव्हतं. मागच्या महिन्यात संध्याकाळी पाऊस लागला, जिन्यात दोघंच अडकलो, आणि दुसरा विषय नव्हता म्हणून विचारलं.

‘जिग-फिक्श्चर डिझाइन,’ ते म्हणाले. भोसरीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं काढली. तो बंद पडल्यावर इथे सीट घेतली. मला काही कळलं नाही हे त्यांना दिसलं. त्यांनी दोन्ही तळवे काटकोनात धरले. ‘दोन पत्रे वेल्ड करायचेत. ते हलता कामा नयेत, बरोबर कोनात बसले पाहिजेत. त्यांना धरून ठेवतं ते फिक्श्चर. वेल्डिंग झालं की क्लॅम्प सोडायचा, माल पुढे जातो.’

‘आणि फिक्श्चर?’

‘ते तिथेच. पुढचे पत्रे येतात ना.’

पाऊस थांबेना. मग खिशातली पट्टी काढून, ती उगाच पुसत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, ‘तुमच्या ओळखीत कुणी असेल तर बघा. शीट मेटलवाला, फॅब्रिकेशनवाला, कुणीही. हल्ली काम जरा कमी आहे.’

मी लगेच मोबाइल काढला आणि नावं खाली सरकवत गेलो. गूळवाल्या बाई. मधुमेहवाला. छापखानावाला. ती स्टार्टअपवाली मुलगी. कामाचं जे जे नाव होतं, ते त्यांनीच दिलेलं. मावसभावाचं तेवढं जन्माने मिळालेलं, तर तो पलीकडच्याच टेबलावर बसतो.

तेव्हा वाचकहो, भोसरी, चाकण, रांजणगाव, कुठेही तुमचं किंवा तुमच्या व्याह्यांचं वर्कशॉप असेल आणि फिक्श्चर लागत असेल, तर कोथरूडला या. सीट नंबर चौदा. तिथे नसले तर मायक्रोवेव्हपाशी बघा. बिल मात्र पंचेचाळीस दिवसांत द्या.