दीड डॉलरचा वकील

मायामीत दरवाजे बनवणाऱ्या एका कंपनीतला कामगार २००९ मध्ये कामावर जखमी झाला. विमा कंपनीने भरपाई नाकारली. वकिलाने एकेक हरकत खोडून काढली आणि ८२२ डॉलर ७० सेंटचे लाभ पदरात पाडून दिले. वेळ लागला १०७.२ तास. हे तास वाजवी आणि आवश्यकच होते, असं निवाडा करणाऱ्या न्यायाधीशाने नोंदवलं. पण फ्लोरिडाच्या कायद्यातलं फीचं कोष्टक म्हणत होतं, पहिल्या पाच हजार डॉलरवर २० टक्के. झाले १६४ डॉलर ५४ सेंट. म्हणजे ताशी दीड डॉलर, वर तीन सेंट चहापाण्याला. पुढे २०१६ मध्ये हा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा फ्लोरिडात बर्गर भाजणाऱ्या पोराचं किमान वेतन ताशी ८.०५ डॉलर होतं.

कामगाराने स्वखुशीने चार पैसे जास्त दिले तर? मंजुरीशिवाय ते घेणं म्हणजे वकिलासाठी फौजदारी गुन्हा!

हे कोष्टक सक्तीचं झालं ते २००३ मध्ये. विमा महाग झाला म्हणून मालकांनी ओरड केली आणि वकिलांवर कात्री चालली. मात्र कायद्यात ‘वाजवी फी’ एवढे शब्द चुकून शिल्लक राहिले. २००८ मध्ये न्यायालयाने त्यांचाच आधार घेऊन वकिलाला पुरती फी देववली. विधिमंडळ लगेच कामाला लागलं आणि २००९ मध्ये त्यातला ‘वाजवी’ तेवढा खोडून मोकळं झालं. एवढ्या प्रामाणिकपणे कायदा दुरुस्त झाल्याचं उदाहरण विरळाच.

२८ एप्रिल २०१६ रोजी याच कामगाराच्या ‘कॅस्टेलानोस’ खटल्यात पाच विरुद्ध दोन मतांनी हे कोष्टक घटनाबाह्य ठरलं. महिनाभरात बोका रेटनहून विमा कंपन्यांच्या दरसंस्थेचा, एनसीसीआयचा, प्रस्ताव आला : दर १७.१ टक्के वाढवा. जूनमध्ये दुसऱ्या एका निकालाने तात्पुरत्या अपंगत्वाच्या भरपाईची १०४ आठवड्यांची मर्यादाही उडवली, तेव्हा मागणी १९.६ वर गेली. विमा आयुक्तांनी १ डिसेंबरपासून १४.५ टक्के मंजूर केले. त्यातले १०.१ एकट्या फीच्या निकालाच्या नावावर. फ्लोरिडात कंपन्यांचे दर जवळपास एकच असल्याने दहा माणसं घेऊन छपरं घालणाऱ्या कंत्राटदाराला दुसरं दुकान गाठायचीही सोय नाही. त्याने वकिलांच्या नावाने बोटं मोडली यात नवल नाही.

बरं, भीती अगदीच खोटी नव्हती. कामगारांच्या वकिलांची फी वर्षभरात साधारण १३.६ कोटी डॉलरवरून १८.५ कोटींवर गेली. वकील काही धर्मादाय संस्था चालवत नाहीत. पण मग दर चढत राहायला हवे होते ना? घसरले. २०१८ ला ९.५ टक्के खाली, २०१९ ला आणखी १३.८. म्हणजे दोनच वर्षांत निकालापूर्वीच्या पातळीखाली. त्यानंतरही दर वर्षी उतरण सुरूच, आणि २०२४ ला तर एकदम १५.१. निकाल जागेवरच होता. ताशी फीची मर्यादा किती ठेवायची यावर २०१७ मध्ये विधिमंडळाच्या दोन सभागृहांचं जमलंच नाही, त्यामुळे नवं कोष्टकही आलं नाही. दर उतरले ते मुख्यत्वे अपघातांचं प्रमाण कमी होत गेल्याने. दावेच कमी, तर फी कसली न् काय कसलं!

दर चढताना दोषी कोण ते महिनाभरात ठरलं, टक्क्याच्या दशांशापर्यंत. तेवढीच तत्परता विमा कंपन्यांच्या स्वतःच्या वकिलांबाबत दाखवली असती तर मजा आली असती. त्यांची एकूण फी निकालाच्या काळात कामगारांच्या वकिलांपेक्षा जास्त होती, आणि तीही प्रीमियममधूनच जाते. आणि तिला २० टक्क्यांचं कोष्टक कधीच नव्हतं. २००३ मध्ये नाही, २००९ मध्ये नाही, आजही नाही.