ओढा आटला, आता बंधारा बांधा

वनराई बंधाऱ्याची वेळ गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पाऊस ओसरला, ओढ्याची धार बारीक झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती भरून, तोंडं शिवून, सांधे चुकवत रचायच्या. महाविद्यालयाचं श्रमसंस्कार शिबिर मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत, कारण आधी सत्र परीक्षा उरकायच्या असतात. तोवर ओढ्यात पाण्यापेक्षा स्वयंसेवक जास्त. तरी बंधारा होतो. कोरड्या गोट्यांवर गोण्या चढतात, मागे बॅनर धरला जातो, जिओटॅगचा फोटो निघतो. अक्षांश-रेखांश बिनचूक. पाणी कुठाय, हे फोन विचारत नाही.

हे शिबिर ज्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, ती सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत. हेतू सरळ होता: शिकणाऱ्या पोरांनी आपल्या भोवतालच्या माणसांच्या उपयोगी पडावं. आता उपयोगी कुणाच्या पडायचं, हे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'चा तक्ता ठरवतो. पाच वर्षांत विस्तारकार्याचे उपक्रम किती, आणि सहभागी विद्यार्थी किती? आकडा मागितला की आकडा पिकतो. एका सकाळच्या वृक्षारोपणातून वृक्षदिंडी, पर्यावरण शपथ, रोपवाटप आणि मार्गदर्शनपर व्याख्यान असे चार उपक्रम आरामात निघतात. रोप एकच असलं तरी चालतं. ते मे महिन्यात जळालं, तर त्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तास घ्यायचे, पेपर तपासायचे, शिबिराच्या किराण्याची बिलं जुळवायची आणि वर गावही सुधारायचं. त्याला उद्दिष्टं लिहायला सांगितली, तर तो गेल्या वर्षीची फाईल उघडणारच. त्या फाईलमध्ये 'ग्रामस्थांमध्ये स्वच्छतेविषयी जनजागृती करणे' हे वाक्य कायमचं मुक्कामाला असतं. मग टँकरची वाट बघणाऱ्या वाडीत शहरातली पोरं हात धुण्याचं प्रात्यक्षिक करतात. प्रात्यक्षिकाचं पाणी कुणाच्या हंड्यातलं, हे अहवालात येत नाही.

वरून योजनांची ददात नाही. 'उन्नत भारत अभियाना'त संस्थेनं निदान 5 गावं दत्तक घ्यायची. विद्यापीठ अनुदान आयोगानं तर 2 श्रेयांकांचा अभ्यासक्रमच आखून दिला, निम्मा वेळ प्रत्यक्ष लोकांत घालवायचा म्हणून. चांगलंच आहे. पण श्रेयांक विद्यार्थ्याचा, गुण महाविद्यालयाचे, श्रेणी संस्थेची. गावाच्या वाट्याला समारोपाचा चिवडा.

हे वेगळ्या पद्धतीनं होऊ शकतं, हे आपल्याकडेच दिसतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आठवड्याचे ठरलेले दिवस क्षेत्रकार्याला जात आले आहेत. पुढच्या आठवड्यात त्याच माणसांना तोंड दाखवायचं असलं, की जनजागृतीची भाषणं आपोआप आखूड होतात.

साध्या महाविद्यालयालाही जमेल असं एक उद्दिष्ट सुचवतो: दत्तक गावातल्या चार विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजायची आणि 1 मेच्या ग्रामसभेत आकडे ठेवायचे. लागतं काय? दोरी, दगड, टेप, वही. भूगोल विभागाला कामही मिळेल. अडचण एकच आहे, आणि ती भलतीच मोठी आहे. या उद्दिष्टात नापास होता येतं. फेब्रुवारीची नोंद राहिली तर वहीत राहिलेली दिसते. बंधारा बांधूनही पातळी हलली नाही, तर ती तशीच दिसते. जनजागृती आजवर कुठल्या महाविद्यालयात नापास झाली आहे?

शिवाय 1 मे म्हणजे परीक्षा आणि सुट्ट्यांचे दिवस. ज्या महिन्यात गावाला पाण्याची गरज, त्याच महिन्यात गाव दत्तक घेणारे आपापल्या गावी.

म्हणून अहवालाला जोडायच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यापुरती एक दुरुस्ती करावी. सध्या तो महाविद्यालयातच टाइप होतो. 'सदर उपक्रमामुळे ग्रामस्थांना मोलाचा लाभ झाला' एवढं छापून नेतात आणि समारोपाच्या गडबडीत सरपंचांपुढे धरतात. सही, शिक्का, चहा. यापुढे तो मे महिन्यात आणायला जावं, कोरा कागद घेऊन. मजकूर सरपंचांनी किंवा ग्रामसभेनं लिहावा. पेन महाविद्यालयानं द्यावं. तेवढा खर्च शिबिराच्या अनुदानात बसतो.